वर्तुळाचे गणित: आधी त्रिज्या काढा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, नववी-दहावीची मुले संध्याकाळी गणितासाठी येतात. त्यांतील बरीचशी मराठी घरांतली असतात; घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. वर्तुळाचा धडा सुरू झाला की बहुतेकांच्या वहीत प्रमेयांची एक लांबलचक यादी तयार होते. ती यादी त्यांना पाठ असते, परंतु समोरच्या आकृतीला त्यातले कोणते प्रमेय लावावे हे मात्र सुचत नाही. अशा वेळी मी त्यांना एकच काम सांगते. पेन्सिल केंद्रावर ठेवावी आणि वर्तुळावरच्या ज्या ज्या बिंदूला प्रश्नात नाव दिलेले आहे, त्या प्रत्येक बिंदूपर्यंत रेषा काढावी. एकाच वर्तुळाच्या सर्व त्रिज्या सारख्या असतात. म्हणून कोणत्याही दोन त्रिज्या आणि त्यांची टोके जोडणारी जीवा मिळून समद्विभुज त्रिकोण होतो (त्या दोन त्रिज्या एका रेषेत आल्या, तरच त्रिकोणाऐवजी व्यास मिळतो). शालेय परीक्षेत विचारली जाणारी वर्तुळाची बहुतेक प्रमेये याच त्रिकोणातून निघतात.

वाचताना कागद, पट्टी आणि कंपास जवळ असावा आणि प्रत्येक आकृती स्वतः काढावी. केंद्राला मी सर्वत्र म म्हटले आहे.

शब्दांचा घोळ

आपल्याकडच्या मुलांची पहिली अडचण भूमितीची नसून भाषेची असते. घरी आजोबा ज्याला वर्तुळ म्हणतात ते शाळेच्या पुस्तकात वृत्त असते, आणि मराठीत वृत्त म्हटले की बातमी आठवते. मराठीतला कंस हिंदीत चाप होतो, परीघ परिधि होतो, स्पर्शिका स्पर्श रेखा होते, काटकोन समकोण होतो आणि एकरूप त्रिकोण सर्वांगसम होतात. हे सगळे दोन-चार दिवसांत अंगवळणी पडते. कर्ण या शब्दाकडे थोडे लक्ष द्यावे लागते, कारण मराठीत काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजूही कर्ण असते आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारी रेषाही कर्णच असते. हिंदीत ही दुसरी रेषा विकर्ण असते.

खरा धोका आहे तो पूरक या शब्दात. मराठीत ज्या दोन कोनांची बेरीज १८०° असते ते पूरक कोन, आणि ज्यांची बेरीज ९०° असते ते कोटिकोन. हिंदीत ९०° बेरजेचे कोन पूरक असतात आणि १८०° बेरजेच्या कोनांना संपूरक म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला तिच्या आजोबांनी, ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले होते, चक्रीय चौकोन (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात तो) फार सुरेख समजावून दिला होता. तिने हिंदी उत्तरपत्रिकेत ‘चक्रीय चतुर्भुज के सम्मुख कोण पूरक होते हैं’ असे लिहिले आणि पुढचे गणित बरोबर सोडवले. विधानाचे गुण अर्थातच गेले, आणि मूळ विधान मराठीत अगदी अचूक असल्यामुळे आजोबांना चूक कोठे झाली ते बराच वेळ उमजेना. म्हणून घरी मराठीत समजून घेणाऱ्या प्रत्येकाने या एका शब्दापुढे बेरीजसुद्धा लिहावी: ‘संमुख कोनांची बेरीज १८०° असते’ हे वाक्य कोणत्याही भाषेत चुकत नाही.

जीवा हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच आहे आणि तो समजून घेतला तर आकृती लक्षात राहते. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. चाप म्हणजे ते वाकलेले धनुष्य, आणि जीवेच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला जुन्या गणितात शर, म्हणजे बाण, म्हणत असत. हा शर आजच्या पुस्तकांत दिसत नाही, पण त्याचा उपयोग थोडा पुढे होणार आहे.

हरवलेले केंद्र

त्रिज्या काढायची तर केंद्र माहीत हवे. ते दिलेले नसेल तर कसे शोधावे, हे हाताने करून पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी घरातली एक बांगडी पुरते. बांगड्यांची मापे दुकानात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी सांगतात. दोन-सहा म्हणजे दोन पूर्णांक सहा दशांश नव्हे, तर दोन इंच आणि वर एका इंचाचे सहा सोळांश भाग. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचे असते. म्हणजे दोन-सहाच्या बांगडीचा आतला व्यास २.३७५ इंच, सुमारे ६.०३ सेंटीमीटर होतो आणि त्रिज्या तीन सेंटीमीटरच्या किंचित पुढे जाते. हा आकडा मनात ठेवावा, कारण शेवटी त्यानेच पडताळा घ्यायचा आहे.

बांगडी कागदावर घट्ट धरून तिच्या आतल्या कडेने टोकदार पेन्सिल फिरवावी. मिळालेल्या वर्तुळात एक जीवा काढावी. कंपास जीवेच्या निम्म्याहून जास्त उघडून तिच्या दोन्ही टोकांवरून दोन्ही बाजूंना कंस काढावेत, आणि कंस जेथे छेदतात ते दोन बिंदू जोडावेत. हा त्या जीवेचा लंबदुभाजक. असेच दुसऱ्या जीवेचे करावे. दोन लंबदुभाजक जेथे मिळतात तेथे केंद्र असते. याचे कारण सोपे आहे: लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू जीवेच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो, आणि दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असणारे सर्व बिंदू त्याच रेषेवर असतात. केंद्र तर दोन्ही टोकांपासून एकेका त्रिज्येच्या अंतरावर आहे, तेव्हा ते त्या रेषेवर असलेच पाहिजे.

येथे मुले एक चूक हमखास करतात. दुसरी जीवा पहिलीला जवळजवळ समांतर काढली जाते, मग दोन्ही लंबदुभाजक अगदी निमुळत्या कोनात छेदतात आणि पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकीनेही केंद्र बरेच सरकते. दुसरी जीवा पहिलीला साधारण काटकोनात येईल अशी घेतली तर छेदनबिंदू स्वच्छ मिळतो. नंतर केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर तीन-चार दिशांनी मोजावे. ते सगळीकडे तीन सेंटीमीटरच्या जरासे पुढे आले, तर काम नीट झाले असे समजावे.

दुसरी रीत पोळपाटावर करता येते आणि ती सुतारांच्या हातची आहे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा पोळपाटाच्या कडेवर नेमका टेकवावा, आणि पुठ्ठ्याच्या दोन कडा पोळपाटाची कड जेथे ओलांडतात तेथे पिठाने खूण करावी. त्या दोन खुणा जोडल्या की व्यास मिळतो. कोपरा दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास घ्यावा. दोन्ही व्यास छेदतात तेथे केंद्र. सुतार हेच काम गुण्याने करतो, परंतु कंपासपेटीतला गुण्या पोळपाटाला तोकडा पडतो, हे आमच्याकडे एका मुलाने प्रयोग करून सिद्ध केले आहे. पिठाऐवजी पेन वापरल्याबद्दल त्याला घरी जे ऐकावे लागले ते वेगळेच. ही रीत का चालते, हे अंतर्लिखित कोनाकडे, म्हणजे शिरोबिंदू वर्तुळाच्या कडेवर असलेल्या कोनाकडे, आल्यावर कळेल.

जीवेची गणिते

केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. हे प्रमेय पाठ करण्याआधी जीवेच्या दोन्ही टोकांना त्रिज्या काढून पाहावे: समद्विभुज त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण होतात, दोघांचा कर्ण त्रिज्येएवढा असतो, लंब दोघांत सामाईक असतो, म्हणून ते एकरूप असतात आणि जीवेचे दोन भाग सारखे निघतात. मग राहतो तो पायथागोरसचा नियम. जीवा ८ सेंटीमीटर आणि तिचे केंद्रापासूनचे अंतर ३ सेंटीमीटर असेल तर अर्धी जीवा ४, म्हणून त्रिज्या ५. जीवा निम्मी करण्याचे विसरणे ही येथली सर्वांत महागडी चूक आहे.

यापेक्षा थोडा खोल प्रश्न असा: १३ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात १० आणि २४ सेंटीमीटर लांबीच्या दोन समांतर जीवा आहेत, तर त्यांच्यातले अंतर किती? पहिल्या जीवेचे केंद्रापासूनचे अंतर १२ येते आणि दुसरीचे ५. जीवा केंद्राच्या दोन बाजूंना असतील तर उत्तर १७, आणि एकाच बाजूला असतील तर ७. प्रश्नात बाजू सांगितलेली नसेल तर दोन्ही आकृत्या काढून दोन्ही उत्तरे लिहावीत. मोठी जीवा केंद्राच्या जवळ असते, हेही या आकृतीत आपोआप दिसते.

आता शराकडे येऊ. जीवेचे निम्मे आणि शर माहीत असतील तर केंद्र न शोधताही त्रिज्या काढता येते, कारण अर्ध्या जीवेचा वर्ग हा शर आणि व्यासाचा उरलेला भाग यांच्या गुणाकाराएवढा असतो. समजा फुटलेल्या थाळीच्या एका तुकड्यावर जीवा २४ सेंटीमीटर आणि शर ८ सेंटीमीटर भरला. अर्धी जीवा १२, तिचा वर्ग १४४; त्याला ८ ने भागले तर १८ मिळतात; १८ आणि ८ मिळून व्यास २६, म्हणजे त्रिज्या १३. परीक्षेत हे सूत्र थेट वापरू नये, पायथागोरसच्या नियमातून ते दोन ओळींत मांडावे: त्रिज्येतून शर वजा केला की केंद्रापासून जीवेपर्यंतचे अंतर मिळते आणि काटकोन त्रिकोण तयार होतो. भास्कराचार्यांच्या प्रसिद्ध कमळाच्या गणिताचा गाभा हाच आहे. पाण्याच्या वर अर्धा हात असलेले कमळ वाऱ्याने कलून दोन हात अंतरावर बुडते, तर पाणी किती खोल? देठाचे मूळ हे केंद्र आणि देठ ही त्रिज्या मानावी. अर्धी जीवा २, शर अर्धा. ४ भागिले अर्धा म्हणजे ८, त्यात अर्धा मिळवून व्यास साडेआठ, देठ सव्वाचार हात आणि पाणी पावणेचार हात.

केंद्रावरचा कोन आणि कडेवरचा कोन

या धड्याचे मर्म येथे आहे, म्हणून येथे थांबून सिद्धता समजून घ्यावी. वर्तुळावर अ आणि ब हे दोन बिंदू घेऊ, आणि त्यांच्यामधला लहान कंस सोडून उरलेल्या मोठ्या कंसावर प हा बिंदू घेऊ. कोन अपब हा अंतर्लिखित कोन आहे आणि कोन अमब हा त्याच कंसाचा केंद्रीय कोन आहे. आता आपली सवय वापरू: मअ, मब आणि मप या त्रिज्या काढू, आणि पम ही रेषा केंद्राच्या पलीकडे ड पर्यंत वाढवू. त्रिकोण मपअ समद्विभुज आहे, म्हणून त्याचे पायाचे दोन कोन सारखे. त्यांना प्रत्येकी २०° समजू. केंद्राशी होणारा बाह्यकोन अमड हा दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा, म्हणजे ४०°. तसेच त्रिकोण मपब मध्ये पायाचे कोन ३०° मानले तर बाह्यकोन बमड ६०° येतो. कोन अपब ५०° झाला आणि कोन अमब १००° झाला. २० आणि ३० यांच्या जागी कोणतेही आकडे घातले तरी दुप्पट सुटत नाही. उत्तरपत्रिकेत त्यांच्या जागी क्ष आणि य लिहिले की सिद्धता पूर्ण होते. प सरकून केंद्र कोनाच्या बाहेर गेले तर बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते, एवढाच फरक पडतो.

मुरैना जिल्ह्यातल्या मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे जे वर्तुळाकार मंदिर आहे, तेथे हे प्रमेय दगडांत उभे आहे असे मला नेहमी वाटते. कडेने गोलाकार ओळीत कोठड्या आहेत आणि मध्यभागी गोल मंडप आहे. गणितापुरते असे धरू की कडेच्या ६४ कोठड्या अगदी सारख्या रुंदीच्या आहेत. मध्यबिंदूवर उभे राहून पाहिले तर प्रत्येक कोठडी ३६० भागिले ६४, म्हणजे ५.६२५° एवढा कोन व्यापते. आता कडेवरच्या एखाद्या कोठडीत बसून समोरची कोठडी पाहिली तर ती बरोबर निम्मा, २.८१२५° कोन व्यापते; आणि आपण कडेवरच कोठडी बदलून बसलो तरी हा कोन बदलत नाही. मधला मंडप काही दिशांना दृष्टी अडवतो, ती गोष्ट निराळी. एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन एकरूप असतात, या रुक्ष वाक्याचा अर्थ एवढाच आहे.

आता पोळपाटाचा उलगडा होतो. कंस अर्धवर्तुळ असेल तर केंद्रीय कोन सरळकोन, म्हणजे १८०°, आणि कडेवरचा कोन त्याच्या निम्मा, ९०°. उलट, कडेवर ९०° चा कोन टेकवला तर त्याच्या भुजा ज्या दोन बिंदूंत कड ओलांडतात त्यांना जोडणारी रेषा व्यासच असली पाहिजे. चक्रीय चौकोनाचेही याच वाटेने निघते: संमुख कोन समोरासमोरच्या दोन कंसांवर उभे असतात, त्या दोन कंसांचे केंद्रीय कोन मिळून ३६०° होतात, म्हणून संमुख कोनांची बेरीज १८०°.

सर्वांत जास्त गुण जातात ते कंस चुकीचा धरल्यामुळे. कोन अमब १००° दिला आहे; प मोठ्या कंसावर असेल तर कोन अपब ५०° येतो हे सगळे लिहितात. पण प लहान कंसावर असेल तर? तरीही ५०° लिहिणारे पुष्कळ असतात. त्या वेळी कोन अपब समोरचा मोठा कंस आंतरखंडित करतो, त्याचे माप २६०°, म्हणून कोन १३०°. उपाय साधा आहे. कोनाच्या शिरोबिंदूवर बोट ठेवावे, दोन्ही भुजांवरून बोट पुढे न्यावे आणि त्या दोन भुजांच्या आत जो कंस सापडतो तो रंगीत पेन्सिलीने गिरवावा.

एक उदाहरण पूर्ण करू. अब हा व्यास आहे, क वर्तुळावर आहे, कोन कअब ३५° आहे, आणि ड हा व्यासाच्या दुसऱ्या बाजूच्या अर्धवर्तुळावर आहे. कोन अडक किती? अर्धवर्तुळातला कोन अकब ९०°, म्हणून कोन अबक ५५°. आता अक ही जीवा पाहावी: ब आणि ड तिच्या एकाच बाजूला आहेत, म्हणून कोन अडक हा कोन अबक एवढाच, ५५°. ड जर जीवा अक च्या दुसऱ्या बाजूला असता तर उत्तर १२५° आले असते. जीवेची बाजू पाहिल्याशिवाय ‘एकाच कंसातील कोन’ हे कारण लिहू नये.

स्पर्शिका

दहावीत मुख्य भर स्पर्शिकेवर असतो आणि प्रमेये दोनच आहेत. पहिले असे की, स्पर्शबिंदूपर्यंतची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. कारण स्पर्शिकेवरचे इतर सर्व बिंदू वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येहून दूर असतात. तेव्हा स्पर्शबिंदू हा त्या रेषेवरचा केंद्राला सर्वांत जवळचा बिंदू ठरतो, आणि बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबाचेच असते. दुसरे असे की, बाहेरच्या एका बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड सारखे असतात. येथेही दोन त्रिज्या काढून बाहेरचा बिंदू केंद्राशी जोडावा. दोन काटकोन त्रिकोण, सामाईक कर्ण, सारख्या त्रिज्या, म्हणून एकरूप.

त्रिज्या ५ आणि बाहेरचा बिंदू केंद्रापासून १३ सेंटीमीटर असेल तर स्पर्शिकाखंड १२. दोन स्पर्शिकांमधला कोन ८०° असेल तर दोन स्पर्शिकाखंड आणि दोन त्रिज्या यांच्या चौकोनात दोन काटकोन आधीच असल्यामुळे त्रिज्यांमधला कोन १००°, आणि स्पर्शबिंदू जोडणारी जीवा प्रत्येक त्रिज्येशी ४०° चा कोन करते, कारण तेथेही समद्विभुज त्रिकोणच आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ८, १५ आणि १७ असतील तर आत बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या काढताना केंद्रापासून दोन्ही लहान बाजूंवर त्रिज्या टाकाव्यात. कोपऱ्यात एक चौरस तयार होतो, त्याची बाजू त्रिज्येएवढी असते, आणि उरलेले स्पर्शिकाखंड मिळून १७ होतात. म्हणून ८ आणि १५ यांच्या बेरजेतून १७ वजा करून निम्मे केले की ३ मिळतात.

एककेंद्री वर्तुळांचा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा आहे. मोठ्या वर्तुळाची त्रिज्या २५, लहान वर्तुळाची ७. मोठ्या वर्तुळाची जी जीवा लहान वर्तुळाला स्पर्श करते तिची लांबी किती? स्पर्शबिंदूपर्यंतची त्रिज्या जीवेला लंब आहे, म्हणून ती जीवेला दुभागते. ६२५ वजा ४९ म्हणजे ५७६, त्याचे वर्गमूळ २४, जीवा ४८. आता दोन वर्तुळांमधल्या कड्याचे क्षेत्रफळ काढून पाहावे: ते पाय गुणिले ५७६ येते, म्हणजे पाय गुणिले अर्ध्या जीवेचा वर्ग. दोन्ही त्रिज्या माहीत नसल्या तरी चालते. मितावलीसारख्या एखाद्या आवारात मधला मंडप आणि बाहेरची भिंत ही अचूक एककेंद्री वर्तुळे असतील, तर केंद्रापर्यंत न जाता, मंडपाला नुसती टेकणारी दोरी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून मोजली की मधल्या मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ हाती येते.

चतकोराचे क्षेत्रफळ

परीघ आणि क्षेत्रफळाची सूत्रे सर्वांना येतात, तेव्हा त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पायची किंमत प्रश्नात सांगितली असेल तीच घ्यावी. सांगितली नसेल आणि त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर २२/७ घेणे सोयीचे पडते. २२/७ ही किंमत खऱ्या पायपेक्षा किंचित जास्त आणि ३.१४ किंचित कमी आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटांनी २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असल्याचेही नमूद केले.

वर्तुळपाकळीसाठी घरातला चतकोर डोळ्यांसमोर आणावा. १४ सेंटीमीटर त्रिज्येच्या पुरणपोळीचा चतकोर म्हणजे ९०° ची वर्तुळपाकळी. तिचे क्षेत्रफळ ६१६ चा चौथा भाग, १५४ चौरस सेंटीमीटर. तिची परिमिती विचारली तर मुले फक्त कंसाची लांबी २२ लिहून मोकळी होतात, परंतु चतकोराला दोन सरळ कडाही असतात. २२ आणि २८ मिळून ५० सेंटीमीटर. दोन सरळ कडांची टोके सुरीने जोडून त्रिकोण कापला तर त्याचे क्षेत्रफळ ९८, आणि उरलेली चंद्रकोरीसारखी फोड हा वर्तुळखंड, ५६ चौरस सेंटीमीटर.

उत्तरपत्रिकेत

शाळेत असताना एका चाचणीत मी एक जीवा व्यास असल्याचे गृहीत धरून पाच गुणांचा प्रश्न दीड पानात सोडवला होता. छापलेल्या आकृतीत ती रेषा केंद्राच्या इतक्या जवळून जात होती की ती केंद्रातूनच जाते असे वाटले. प्रश्नात तसे कोठेही म्हटलेले नव्हते. तेव्हापासून मी प्रश्नातले प्रत्येक विधान आकृतीवर खुणेने उतरवते, आणि जे विधानात नाही ते आकृतीत कितीही स्पष्ट दिसले तरी वापरत नाही. कोनमापकाने मोजलेला कोन हे सिद्धतेत कारण होत नाही.

सिद्धता लिहिताना पक्ष, साध्य आणि रचना आधी लिहावी. रचनेत ‘त्रिज्या मअ व मब काढल्या’ एवढे तरी नोंदवावे, कारण ज्या रेषा प्रश्नात नव्हत्या त्यांचा उल्लेख न करता त्या वापरल्या तर तपासणाऱ्याला पुढचे कळत नाही. प्रत्येक ओळीपुढे कारण शब्दांत लिहावे. ‘प्रमेयानुसार’ हे कारण नव्हे, ‘एकाच वर्तुळाच्या त्रिज्या’ हे कारण आहे. कंपासची पेन्सिल आखूड आणि टोकदार असावी, तिचे टोक सुईच्या टोकाशी जुळलेले असावे, आणि स्क्रू परीक्षेच्या आदल्या दिवशीच आवळून ठेवावा. रचनेचे कंस पुसू नयेत.

वेळ उरला तर आकृती कच्च्या पानावर दुसऱ्यांदा, मुद्दाम वेगळ्या आकाराची काढावी: जीवा लहान करावी, बिंदू दुसरीकडे सरकवावा, चौकोन तिरपा करावा. तरीही उत्तरातली प्रत्येक ओळ खरी राहत असेल तर पान उलटावे. एखादी ओळ डळमळली, तर त्या ओळीत आपण आकृतीच्या दिसण्यावर विसंबलो होतो. तेथे परत जाऊन पाहावे की कोणत्या बिंदूपर्यंतची त्रिज्या काढायची राहिली आहे.